कर नाही त्याला वकील कशाला?

या महिन्यात चोरीच्या आळाबद्दल तीन पत्रं आली. पहिलं सविस्तर घेते. त्या घरात वेळ थोडा होता, म्हणून त्या ताईंशी मी फोनवर आधीच बोलले आहे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मला गेली तीस वर्षं कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी छापते आहे.

प्रश्न : मॅडम, माझे मिस्टर तासगाव भागातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ११ वर्षं कामाला आहेत. पगार १३ हजार. बेदाण्याच्या बॉक्सची आवक-जावक तेच बघतात. गेल्या महिन्यात माल मोजला तेव्हा एका शेतकऱ्याच्या लॉटमध्ये १४ बॉक्स कमी भरले. कॅमेऱ्यात रात्री सव्वानऊला मिस्टर छोटा हत्तीत बॉक्स चढवताना दिसतात. ते म्हणतात, ऑफिसमधून फोन आला होता, ‘माल देऊन टाका, गेटपास सकाळी करू.’ ऑफिसवाले आता म्हणतात असा फोन केलाच नाही. मालक म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर चोरी कबूल लिहून दे, पैसे पगारातून कापून घेऊ, पोलिसांत जाणार नाही. सासरे म्हणतात सही करून टाक, गावात बोभाटा नको. दीर म्हणतो थोडे दिवस पुण्याला निघून जा. मी वकिलाला विचारू म्हटलं तर सगळे माझ्यावरच उसळले. कर नाही त्याला डर कशाला, वकील गाठला तर लोक म्हणणार चोरी केलीच असेल. आणि वकिलाला द्यायला पैसे तरी कुठून आणू?
— एक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, स्टॅम्पवर सही होऊ देऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी वकिलीत नवीन असताना सांगलीतल्या एका पेढीवरचा मुलगा माझ्याकडे आला होता. हिशेबात एक साखळी कमी आली होती. मालकानं त्याला समोर बसवून एवढंच लिहून घेतलं होतं : ‘माझ्याकडून चूक झाली, मी भरपाई करून देईन.’ चोरी हा शब्दसुद्धा त्यात नव्हता. पोरानं ‘चूक’ लिहिलं ते मोजणीतल्या चुकीबद्दल. कागद दीड वर्ष मालकाच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. मुलानं नोकरी सोडली, थकलेला पगार मागितला, त्या आठवड्यात तो कागद पोलिस ठाण्यात गेला. पुढे तो निर्दोष सुटला, पण त्याला सहा वर्षं लागली. ठरलेलं लग्न तोपर्यंत मोडलं होतं. त्यानंतर कोणी ‘मालक चांगला आहे, नुसतं लिहून ठेवतोय’ असं सांगितलं की मला तो मुलगा आठवतो.

यामागचा कायदा समजून घ्या. पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तसं सांगतं. पण हे संरक्षण पोलिसांपुरतं आहे. मालकाला लिहून दिलेली कबुली न्यायालयात मांडता येते. धाकानं किंवा आमिषानं घेतलेली कबुली कलम २२ प्रमाणे बाद होते, आणि असा कागद न्यायालयं एरवीही कच्चा पुरावाच मानतात. पण तो बाद करून घ्यायला वकील लागणार, साक्षी-उलटतपासणी लागणार. आज सही केली नाही तर ती सगळी लढाई टळते. कोरा कागद, कोरा चेक, ‘नुसती सही कर, मजकूर नंतर टाइप करू’ यांनाही माझं उत्तर नाहीच आहे.

आता ती म्हण. ‘कर नाही त्याला डर कशाला’ हे माणसाच्या मनाबद्दल खरं आहे. न्यायालयापुढे मात्र तुमच्या मिस्टरांचं मन येणार नाही. तिथे कागद, फुटेज आणि साक्षीदार येणार, आणि ते सगळं कोणीतरी दुसऱ्यानं पहिल्या चार-आठ दिवसांत गोळा केलेलं असणार.

चोरी म्हणजे काय, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली; ठाण्यात अजून जुन्या सवयीनं ‘३७९ चा गुन्हा’ म्हणतात, तो हाच. वस्तू हलवता येण्यासारखी हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, त्याची संमती नसावी, घेणाऱ्याचा हेतू लबाडीचा हवा, आणि त्यासाठी वस्तू जागची हलवलेली हवी. तुमच्या प्रकरणात बॉक्स हलले, हे कोणीच नाकारत नाही. कॅमेरा तेवढंच दाखवतो. संमती होती की नव्हती, हेतू काय होता, हे कॅमेऱ्यात उमटत नाही. सगळं प्रकरण त्या एका फोनवर उभं आहे.

म्हणून फोन जपा. मिस्टरांचा मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, व्हॉट्सॲपवरचं काहीही पुसू नका. त्या रात्रीचा नंबर, वेळ, किती मिनिटं बोलणं झालं, हे आजच वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. छोटा हत्ती कोणाचा होता, चालक कोण, माल कुठे उतरला, वजनकाट्याची पावती झाली का, याआधीही ‘गेटपास सकाळी’ असं चालत होतं का, हेही लिहा. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. याआधी दहा वेळा माल असाच गेला असेल आणि गेटपास दुसऱ्या दिवशी फाटला असेल, तर जुन्या गेटपासच्या तारखा आणि आवक-जावक रजिस्टरच्या तारखा एकमेकींशी जुळणार नाहीत. ती विसंगतीच तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं बोलेल. आणि एका शेतकऱ्याच्या लॉटचे बॉक्स दुसऱ्याच्या थप्पीत गेले नाहीत ना, हे बघण्यासाठी बाकीचे लॉटही मोजले होते का, तेही विचारायला हवं.

कॅमेऱ्याबद्दल घाई आहे. डीव्हीआरवर जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. मालक तुम्हाला मोबाइलवर मिनिटभराची क्लिप दाखवत असतील. तुम्हाला हवं आहे त्या संध्याकाळचं सगळं चित्रण, ऑफिसच्या दारावरच्या कॅमेऱ्यासकट. ते जपून ठेवावं, असं पत्र वकिलामार्फत रजिस्टर पोचनं पाठवा. पुढे हे चित्रण न्यायालयात आणायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ते नीट आहे का, हे वकीलच तपासू शकतो. हे सगळं निर्दोष माणसाचंच काम आहे. वकील त्यासाठीच लागतो.

कलम कोणतं लागेल, यावर शिक्षेचा आकडा ठरतो. साधी चोरी असेल तर कमाल ३ वर्षं. नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर न्याय संहितेचं कलम ३०६, कमाल ७ वर्षं. माल सांभाळायला विश्वासानं सोपवलेला होता आणि त्याचा अपहार केला, असा आरोप झाला तर कलम ३१६, पोटकलम ४, तिथेही कमाल ७ वर्षं. नव्या कायद्यात पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसानं पाच हजारांहून कमी किमतीची साधी चोरी केली असेल आणि वस्तू किंवा किंमत परत दिली असेल, तर समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. पण १५ किलोचा एक असे १४ बॉक्स म्हणजे २१० किलो बेदाणा, ती तरतूद तुमच्या उपयोगाची नाही.

हे गुन्हे अजामीनपात्र आहेत. हा शब्द ऐकून घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही, असा नाही. तो ठाण्यावर हक्कानं मिळत नाही, न्यायाधीशांकडे मागावा लागतो, एवढाच अर्थ. आणि ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आपोआप अटक करायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अर्नेश कुमार निकालात बजावलेलं आहे. अटकेची गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची लेखी नोटीस देतात. नोटीस मिळाली की ठरल्या दिवशी जायचंच. जो नियमानं हजर राहतो त्याला त्या गुन्ह्यात अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. जो जात नाही त्याला अटक करायला तेच कारण पुरतं. म्हणून दिरांना सांगा, पुणं नको. घर सोडून गेलेल्या माणसाबद्दल ‘आरोपी फरार’ असं लिहिलं जातं आणि पुढे प्रत्येक जामीन अर्जात ते वाक्य समोर येतं.

नुसता फोन आला, ‘चौकीला येऊन जा’, तर नम्रपणे म्हणा, नोटीस द्या, आम्ही वकिलांना घेऊन येतो. यात उद्धटपणा नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्यानं सही करायची नसते, हे फार थोड्यांना माहीत असतं. अटक झालीच तर कारण सांगितलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. आणखी एक. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या संरक्षणाला एक मोठी फट आहे. कोठडीतला माणूस म्हणाला, ‘बॉक्स अमुक ठिकाणी आहेत, दाखवतो’, आणि ते तिथे सापडले, तर तेवढं बोलणं पुरावा म्हणून चालतं. माल कुठे उतरला हे चालकाला माहीत असेल आणि पोलिसांनाही आधीच कळलेलं असेल, तरी पंचनाम्यात ‘आरोपीने दाखविले’ असं येऊ शकतं. म्हणून चालकाचं नाव आधीच लेखी कळवलेलं बरं.

अटकेची खरोखर भीती असेल तर अटकपूर्व जामीन सांगलीच्या सत्र न्यायालयात मागता येतो. तो अर्ज आधी करायचा की नोटिशीची वाट बघायची, हे कागद बघून तुमचे वकील ठरवतील. पत्रावरून मी ते ठरवणं बरोबर नाही.

पैशाचं. तुमच्या मिस्टरांचा पगार वर्षाला १ लाख ५६ हजार होतो. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असणाऱ्याला मोफत वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मिळतो. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि त्याच्या मागे संविधानाचं कलम ३९-अ आहे. तासगावला तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे तिथे जा. आधार कार्ड, रेशन कार्ड, पगाराची चिठ्ठी आणि उत्पन्नाचा दाखला न्या; दाखला हाताशी नसला तरी त्यापायी थांबू नका, आधी जा. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. फुकटचा वकील कामाचा नसतो, असं लोक म्हणतात. मी स्वतः मोफत वकिलांच्या यादीवर अनेक वर्षं काम केलंय आणि त्या खटल्यांच्या तयारीत कधी कसूर ठेवलेली नाही.

आणि ‘लोक काय म्हणतील’. ताई, अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ नं दिला आहे. त्यात चोरी केलेला, न केलेला असा भेद नाही. ज्यानं खरोखर चोरी केली त्याचीही बाजू मी मांडते, कारण पोराबाळांचं पोट अडलेल्या माणसाला आणि टोळी चालवणाऱ्याला एकच शिक्षा होऊ नये. तुमच्या सासऱ्यांना माझा फोन नंबर दिला आहे. बोभाट्याची त्यांची भीती मला कळते. पण स्टॅम्पवरची सही ही बोभाट्याची लेखी तयारी आहे, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकू द्या.

प्रश्न : साताऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत दोन वर्षं होतो. शेवटचे तीन पगार दिले नाहीत, म्हणून सोडताना कंपनीचा लॅपटॉप घरी आणला. पगार मिळाला की लगेच परत देईन, असा मेलही केला. आता पोलिसांची नोटीस आली आहे. माझ्याच कष्टाच्या पैशासाठी अडवून ठेवलेली वस्तू चोरी कशी होईल?
— एक तरुण, सातारा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. पण लॅपटॉप ठेवून घेण्याचा मार्ग चुकला. ‘कायमचा घेणार नव्हतो’ हा बचाव एकटा पुरत नाही. अलवरच्या एका सरकारी कर्मचाऱ्यानं ओळखीच्या माणसासाठी कार्यालयातली फाइल घरी नेली आणि लगोलग परतही ठेवली, तरी सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली प्यारेलाल भार्गव खटल्यात ती चोरीच मानली. तात्पुरतं नुकसानही कायद्याच्या दृष्टीनं नुकसानच. आणि पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवणं हे उदाहरण तर चोरीच्या कलमाखालीच दिलेलं आहे. लॅपटॉप आधीपासून तुमच्याकडे कामासाठी सोपवलेला होता, तर चोरीऐवजी अपहाराचं कलम लावतील.

तुमचा मेल दोन्हीकडून कापतो. तुम्ही लपवाछपवी केली नाही, हे त्यातून दिसतं; वस्तू तुमच्याकडे आहे आणि पैशासाठी अडवली आहे, हेही दिसतं. म्हणून आता कंपनीला नवा मेल, मेसेज, काही पाठवू नका. आतला डेटा पुसू नका, कॉपी करू नका, नाहीतर आणखी एक आरोप अंगावर येईल. वकिलामार्फत लॅपटॉप चार्जरसकट परत करा आणि पोच घ्या. नोटीस आलेली आहे, तेव्हा तो कंपनीला द्यायचा की पोलिसांकडे जमा करायचा, हे वकिलांना ठरवू द्या. नोटिशीच्या तारखेला हजर राहा. आणि तीन पगारांचा दावा कामगार कार्यालयात आजच टाका. नेमणूक पत्र, बँकेचं स्टेटमेंट, हजेरीचे पुरावे जोडा. लॅपटॉप परत केल्यानं तो दावा तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न : माझं वय ७४. आमच्याकडे बारा वर्षं धुणं-भांडी करणाऱ्या बाईवर मुलानं अंगठी चोरल्याची तक्रार दिली. तिला दोनदा ठाण्यात बोलावलं, चार-चार तास बसवलं. काल अंगठी नाचणीच्या पिठाच्या डब्यात सापडली. पीठ काढताना माझ्याच बोटातून निसटली असणार. मुलगा म्हणतो, आता गप्प बसू, नाहीतर खोट्या तक्रारीचा गुन्हा आपल्यावर येईल. मला झोप नाही.
— एक काकू, मिरज

उत्तर : काकू, तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. खोट्या आरोपाचा गुन्हा होतो तो आरोप खोटा आहे हे माहीत असून केला तर. तुम्हाला तेव्हा खरंच वाटलं होतं की अंगठी गेली. काल ती सापडली. आता माहीत असून गप्प राहणं हाच खरा धोका आहे, तुमच्या मुलालाही आणि त्या बाईलाही.

आजच ठाण्यात जाऊन लेखी द्या : अंगठी घरात सापडली, कुठे, कधी, कोणासमोर. अंगठी सोबत न्या. पोलिस पंचनामा करतील. ती मुद्देमालात गेली तर न्यायालयातून परत मिळते. दिलेल्या कागदाची शिक्का मारलेली प्रत घ्या आणि एक प्रत त्या बाईंनाही द्या. गुन्हा दाखल झाला असेल तर ‘तक्रार मागे घेतो’ एवढं म्हणून तो बंद होत नाही, हे लक्षात ठेवा. गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, असा अहवाल पोलिस न्यायालयाला देतात, त्याला आपल्याकडे सी समरी म्हणतात. न्यायालयानं तो मान्य केला की प्रकरण बंद. दोषारोपपत्र गेलेलं असेल तर ते रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागेल. त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली जिल्हा त्यात येतो. त्या बाईंना मोफत वकील मिळेल, ते त्यांना सांगा. तुमच्या बाजूचा खर्च मुलानं करावा.

एक गोष्ट कायद्याबाहेरची, पण मला लिहायलाच हवी. चोरीचा आळ आलेल्या बाईला गल्लीतली बाकीची घरंही कामावरून काढतात. तिची किती कामं गेली, विचारा. ज्या ज्या घरात आळ पोहोचला त्या प्रत्येक घरी तुम्ही स्वतः जाऊन अंगठी कुठे सापडली ते सांगा. आधी मात्र तिच्या घरी जा. मुलाला सोबत न्या, आणि बोला तुम्ही.